नवस फिटत नाही तेव्हा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेचे वाळवंट टाळमृदंगाच्या घोषाने दुमदुमून गेले आहे आणि दर्शनाची बारी गोपाळपुराच्या दिशेने दूरवर पसरली आहे. या बारीत उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या मुखी नाम एकच असते. परंतु अंतरीचा हेतू एकच असतो असे नाही. कोणी काही मागावयास आलेला असतो. कोणी मागितलेले मिळाले म्हणून नवस फेडावयास आलेला असतो. आणि काही भाविक असे असतात की जे बोललेले शब्द पाळता आले नाहीत म्हणून मान खाली घालून उभे असतात. देवाच्या पायांवर मस्तक ठेवतानाही त्यांचे मन मोकळे होत नाही. ही तिसरी मंडळी संख्येने थोडी नाहीत; ती बोलून दाखवीत नाहीत, इतकेच. आजच्या पुण्यदिनी त्यांच्यासंबंधी चार शब्द लिहावेत असे मनात आहे.

याला निमित्त झाले ते एका बाईंच्या प्रश्नाचे. गतवर्षी चातुर्मासातील एका कीर्तनानंतर आरतीचे तबक फिरून गेले, मंडप रिकामा होऊ लागला, तरी एक वयस्क बाई खांबापाशी बसूनच होत्या. मी प्रसादाचा पेढा पुढे केला. त्यांनी तो हातात घेऊन कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"बाई, प्रसाद आहे, तोंडात घाला," मी म्हटले.

"बुवा, गोड वर्ज्य आहे मला. बारा वर्षे झाली."

हळूहळू त्यांनी सारी हकीकत सांगितली. मुलगा सहा वर्षांचा असताना विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. एका रात्री आशा सुटली, तेव्हा त्यांनी पांडुरंगाला शब्द दिला की, हा उठून बसला तर जन्मभर आषाढीची पायी वारी करील. मुलगा वाचला. आईचे बोट धरून तो काही वर्षे चाललाही. पुढे शिक्षण झाले, कारखान्यात नोकरी लागली, पाळ्यांचे काम आले आणि वारी सुटली. प्रथम रजा नाही म्हणून. नंतर, खरे सांगावयाचे तर, त्याचे मन त्यात नव्हते म्हणून. त्या वर्षीपासून बाईंनी गोड सोडले. मुलाला बरे नसले की त्यांच्या मनात येते, देव आठवण करून देत आहे. दाराची कडी रात्री वाजली तरी छातीत धस्स होते.

"बुवा," त्या म्हणाल्या, "यातून सुटका आहे का?"

कीर्तनकाराला आख्यान तयार असते. पण अशा प्रश्नाला तयार उत्तर नसते. मी त्यांना दुसऱ्या दिवशी घरी बोलावले आणि रात्री पोथ्या सोडून बसलो. त्या रात्री जे वाचले, जे आठवले आणि पुढे जे घडले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

वाचकहो, नवसाची सर्वांत जुनी कथा आपल्या वाङ्मयात कोणती म्हणाल, तर ऋग्वेदाच्या ऐतरेय ब्राह्मणातील शुनःशेपाचे आख्यान होय. इक्ष्वाकुवंशीय राजा हरिश्चंद्र याला शंभर राण्या असून पुत्र नव्हता. नारदाच्या सांगण्यावरून त्याने वरुणदेवाला शब्द दिला की, मला पुत्र होऊ दे, त्याच पुत्राने मी तुझे यजन करीन. पुत्र झाला, त्याचे नाव रोहित. वरुण आला आणि म्हणाला, शब्द पाळ. राजा म्हणाला, दहा दिवस होऊ देत. मग म्हणाला, दात येऊ देत. दात आले, तर म्हणाला, पडू देत. पडले, तर म्हणाला, पुन्हा येऊ देत. तेही आले, तर म्हणाला, शस्त्र धारण करू दे. शेवटी मुलगा शस्त्र पेलण्याजोगा झाला आणि पित्याने त्याला सांगितले की, मी तुला वरुणाला देऊन बसलो आहे. रोहित "नाही" म्हणाला, धनुष्य उचलले आणि अरण्यात निघून गेला. इकडे वरुणाने राजाला धरले. त्याला जलोदर झाला.

पुढे सहाव्या वर्षी रोहिताला अरण्यात भुकेने गांजलेला अजीगर्त नावाचा ब्राह्मण भेटला. त्याला तीन मुलगे होते. बापाने थोरला सोडला नाही, आईने धाकटा सोडला नाही, आणि मधला शुनःशेप शंभर गाईंना विकला गेला. यज्ञाच्या वेळी त्याला यूपाला बांधावयास कोणी पुढे येईना. तेव्हा आणखी शंभर गाई घेऊन जन्मदात्यानेच त्याला बांधले, आणि आणखी शंभर घेऊन शस्त्र परजीत तोच पुढे आला. मुलाने ओळखले की, माणसांकडून आता काही होणे नाही. त्याने देवांचा धावा केला. एकेका ऋचेसरशी त्याचे पाश सैल होत गेले, आणि त्याच क्षणी तिकडे राजाचे फुगलेले उदरही उतरत गेले. शेवटची ऋचा झाली; मुलगा मोकळा झाला आणि राजाही व्याधिमुक्त झाला.

ही कथा कीर्तनात रंगविताना श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. परंतु त्या रात्री ती मला निराळीच दिसली. यात तीन गोष्टी आहेत. पहिली अशी की, शब्द दिला होता पित्याने. ज्याच्या आयुष्यावर तो दिला, त्याला कोणी विचारले नव्हते. दुसरी अशी की, आपले ऋण पैसे देऊन दुसऱ्याच्या गळ्यात घालण्याचा प्रयत्न झाला आणि त्याने पापाची रास मात्र वाढली. सुटका झाली नाही. आणि तिसरी, सर्वांत महत्त्वाची, अशी की, अखेर देवाने कोणाचाच प्राण घेतला नाही. वरुण हा पाशांचा देव खरा. पण वेदांत त्याची जी प्रार्थना आहे, ती बांध म्हणून नाही, सोडव म्हणून आहे. ज्याच्या हाती दोरी, त्याच्याच हाती गाठ सोडणे आहे. हरिश्चंद्र वर्षानुवर्षे मुदत मागत राहिला. "देवा, हे माझ्याने होत नाही, मला सोडव," असे म्हणावयाचे मात्र त्याला सुचले नाही. ते यूपाला बांधलेल्या पोराला सुचले, आणि त्याच्या सुटकेबरोबर राजाही सुटला.

आता कोणी म्हणेल, कथा ठीक आहे. शास्त्र काय म्हणते? येथे आम्हां पंढरपूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या धर्मसिंधूचा आधार घेऊन आजही महाराष्ट्रात व्रतांचे, तिथींचे आणि सुतकाचे निर्णय दिले जातात, तो ग्रंथ याच क्षेत्री राहणाऱ्या काशीनाथ उपाध्याय ऊर्फ बाबा पाध्ये यांनी शके १७१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १७९० च्या सुमारास सिद्ध केला. ग्रंथारंभी त्यांनी वंदन केले आहे ते विठ्ठलाला, त्याच्या करुणेचे स्मरण करून. हा खटाटोप आपण विद्वानांसाठी केलेला नसून ज्यांची बुद्धी मंद आहे, ज्यांचा शास्त्राभ्यास नाही, अशांसाठी केला आहे, असे ते स्वच्छ सांगतात. थोडक्यात, तुमच्याआमच्यासाठी.

या ग्रंथात आणि तत्पूर्वीच्या निबंधग्रंथांत व्रताच्या नियमांबरोबरच सवलतींचेही नियम आहेत. पण आपण नियम तेवढे पाठ करतो आणि सवलती विसरतो. एकादशीचेच पाहा. उपवासाचा अधिकार आठ वर्षांवरील आणि ऐंशी वर्षांच्या आतील माणसाला सांगितला आहे. म्हणजे ऐंशी उलटलेल्या आजीबाई कडकडीत निर्जळी करून भोवळ येऊन पडतात, तेव्हा त्या शास्त्राच्या पुढे एक पाऊल गेलेल्या असतात. ज्याला पूर्ण उपवास झेपत नाही, त्याला दूध, फळे, रात्रीचे एकवेळचे भोजन अशा पायऱ्या सांगितल्या आहेत. ज्यांच्या सेवनाने व्रताचा भंग होत नाही, अशांत पाणी, कंदमुळे, फळे आणि दूध यांच्या बरोबरीने औषधाचे नाव स्पष्ट घेतलेले आहे. आणि गुरूच्या आज्ञेने काही करावे लागले, तरी व्रत मोडत नाही. मधुमेहाची गोळी एकादशीला चुकविणाऱ्या भाविकांनी हे ध्यानात घ्यावे. व्रत चालू असताना सुतक आले, तर उपवासासारखे शरीराचे नियम स्वतः पाळावेत आणि पूजा दुसऱ्याकडून करवावी, असे सांगितले आहे. आणि जो मुळातच असमर्थ झाला, त्याच्यासाठी प्रतिनिधी सांगितला आहे. पुत्र, पत्नी, पती, भाऊ, बहीण, पुरोहित, मित्र यांपैकी कोणीही त्याच्या वतीने व्रत करू शकतो. कामना धरून केलेल्या कर्माला आरंभी प्रतिनिधी चालत नाही; परंतु एकदा आरंभ झाल्यावर पुढे अडचण आली, तर तेथेही तो चालतो, असे काही शास्त्रकारांचे मत आहे. नवस हे असेच कामनेचे कर्म होय.

या सर्वांमागील तत्त्व एकच आहे. शास्त्रकाराला माणूस ठाऊक होता. माणूस संकल्प करतो तो भीतीच्या वा आनंदाच्या भरात, आणि तो पाळावयाचा असतो रोजच्या संसारात, हे त्याला माहीत होते. म्हणून त्याने घराला भिंती घातल्या तशी दारेही ठेवली. अर्थात दार आहे म्हणून कोणी ऊठसूट बाहेर पडावे, असा याचा अर्थ नव्हे. आळसाने मोडलेले व्रत आणि असमर्थतेने राहिलेले व्रत यांत शास्त्र भेद करते, आणि तो भेद आपला आपल्यालाच ठाऊक असतो.

मग अपराध खरोखरच घडला असेल तर? शास्त्रात त्यालाही मार्ग आहे. मनुस्मृतीतील सगळेच आज स्वीकारण्याजोगे नाही, हे मी जाणतो. परंतु तिच्या ११ व्या अध्यायातील प्रायश्चित्ताचे मर्म कोणत्याही काळी मान्य व्हावे असे आहे. केलेले उघड सांगावे, त्याचा पश्चात्ताप व्हावा, आणि पुन्हा करणार नाही असे ठरवून तसे वागावे. यापुढे एक फार सूक्ष्म गोष्ट तेथे सांगितली आहे. प्रायश्चित्त करूनही मन हलके झाले नाही, तर ते हलके होईपर्यंत तप करावे. म्हणजे प्रायश्चित्ताचे माप उपवासांच्या संख्येत नाही. ते मनाच्या हलकेपणात आहे. तेव्हा बारा वर्षे गोड सोडूनही मन तसूभर हलके होत नसेल, तर ते तप नव्हे, ती शिक्षा होय. आणि तीही देवाने दिलेली नाही, आपली आपण घेतलेली आहे.

सुटका देऊ केली तरी न घेणारेही असतात. महाभारतात भीष्मांनी राज्यत्यागाची आणि ब्रह्मचर्याची प्रतिज्ञा केली ती सत्यवतीच्या पित्यापुढे, तिच्या पुत्रांना राज्य मिळावे म्हणून. पुढे तिचे दोन्ही पुत्र निपुत्रिक वारले. तेव्हा खुद्द सत्यवतीनेच भीष्मांना विनविले की, आता राज्यही घे आणि वंशही चालव. जिच्यासाठी गाठ मारली होती, तीच गाठ सोडावयास आली. भीष्मांनी ती सोडू दिली नाही. ते भीष्म होते. त्यांची थोरवी आणि त्यांची शोकांतिका मोजण्याचा अधिकार आपल्याला नाही. परंतु तुमच्याआमच्या घरांत भीष्म नसतानाही भीष्मप्रतिज्ञा असतात. ज्याला शब्द दिला तो केव्हाच विसरलेला असतो, क्षमा करून मोकळा झालेला असतो, आणि देणारा मात्र ती दोरी स्वतःच्या गळ्याभोवती गुंडाळून बसलेला असतो.

हे मी परक्याविषयी लिहीत नाही. येथे स्वतःचे एक सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

माझ्या आईला काशीला जावयाचे होते. तिने आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. "पुढच्या वर्षी नेतो," असे मी म्हटले, आणि अनेक वर्षे म्हणत राहिलो. पैशाची अडचण पहिली दोन वर्षे होती. पुढे ती नव्हती. पुढे होत्या त्या कीर्तनाच्या तारखा. चातुर्मास, नवरात्र, दत्तजयंती, रामनवमी, हनुमानजयंती. गावोगावचे उत्सव धरले आणि घरची यात्रा राहिली. हरिश्चंद्राने वरुणाला दिल्या तशाच या मुदती होत्या. एके वर्षी मार्गशीर्षात मी परगावी कीर्तनाला उभा असताना आई गेली. मी परत आलो तेव्हा तिच्या उशाशी प्रवासाची एक कापडी पिशवी होती. ती तिने स्वतः शिवली होती. केव्हा शिवली, मला माहीत नाही.

त्यानंतर दोन वर्षे मी गंगेचे आख्यान लावले नाही. अखेरीस पाठशाळेतील माझ्या वृद्ध गुरुजींकडे जाऊन सारे सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "तीर्थप्रकरणात कुशाची प्रतिकृती सांगितली आहे, ती वाचली आहेस ना?"

वाचली होती. जो स्वतः तीर्थाला येऊ शकत नाही, मग ती माता असो, पिता असो, पत्नी, भाऊ, मित्र वा गुरू असो, त्याच्या नावाने दर्भाची प्रतिमा करून तीर्थात बुडवावी. त्या व्यक्तीला स्नानाच्या फळाचा आठवा हिस्सा पोहोचतो, असे वचन आहे.

"पण गुरुजी, ते येऊ न शकणाऱ्यासाठी आहे. आई तर गेली."

"गेलेली आई म्हणजे येऊ न शकणारीच की," ते म्हणाले.

मी काशीला गेलो. तिच्याच हातच्या पिशवीतून दर्भ नेला. दशाश्वमेध घाटावर पहाटेच्या अंधारात ती प्रतिमा बांधताना हात कापत होते. तिला घेऊन बुडी मारली आणि वर आलो तेव्हा रडू आले. पुष्कळ दिवसांनी आले. परत येऊन गुरुजींना नमस्कार केला आणि विचारले, "आठवा हिस्सा तिला पोहोचला. उरलेल्या सात हिश्श्यांचे काय?"

गुरुजी म्हणाले, "ते तुझ्यापाशी राहिले. ते गंगेत फिटणार नाहीत. ते माणसांत फेड."

हे उत्तर मी आजपर्यंत उराशी धरून आहे. त्यात दिलासा आहे आणि जबाबदारीही आहे. तुझा अपराध झालाच नाही, असे ते म्हणाले नाहीत. तू कायमचा पापी, असेही म्हणाले नाहीत. जेवढे देवाच्या दारी फिटते तेवढे तेथे फेड, आणि राहिलेले घेऊन माणसांत जा, असे सांगितले. त्या दिवसापासून आमच्या आळीतील ज्या वृद्धांना मुलेबाळे जवळ नाहीत, त्यांना मी देवदर्शनाला नेतो. कोणाला हात धरून, कोणाला खुर्चीत बसवून. आणि कीर्तनाची तारीख देण्यापूर्वी घरात विचारतो. सात हिस्से फिटले का? ते मला ठाऊक नाही. पण गंगेचे आख्यान मी आता लावतो.

व्यक्तीचे झाले, परंतु एक वेळ अशी आली की जेव्हा लाखो वारकऱ्यांचा शब्द एकाच वेळी अडला. कोरोनाच्या महामारीत २०२० साली पायी वारी झाली नाही. १ जुलै २०२० ची ती आषाढी मी पंढरपुरात पाहिली. रस्ते निर्मनुष्य, दुकाने बंद, मंदिराचे दार भाविकांना बंद. संतांच्या पादुका एस.टी. बसमधून मोजक्या मंडळींसह आल्या. पुढच्या वर्षी, २०२१ सालीही बसनेच आल्या. पायी सोहळा पुन्हा सुरू झाला तो २०२२ साली. ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वारी चुकली नव्हती, अशा किती तरी वृद्धांना त्या दोन वर्षी अन्न गोड लागले नाही. ओळखीचे एक वारकरी दूरध्वनीवरून म्हणाले, "बुवा, माझी वारी मोडली."

मी त्यांना म्हटले, "मोडली नाही. प्रतिनिधीकरवी झाली." शास्त्रात जो प्रतिनिधी सांगितला आहे, त्याचे याहून थोर उदाहरण कोणते? लाखो पावलांच्या वतीने संतांच्या पादुका चालून आल्या. शेजाऱ्याच्या जिवाला अपाय होऊ नये म्हणून जो घरी राहिला, त्याने वारी टाकली नव्हती. त्या वर्षी घरी राहणे हाच त्याचा धर्म होता.

आणि हे म्हणावयाला आम्हांला आधार आहे तो साक्षात पांडुरंगाचा. या क्षेत्राचा उगमच मुळी एका अपराध्यापासून आहे. पुंडलीक हा प्रथमपासून मातृपितृभक्त नव्हता. पत्नीला खांद्यावर घेऊन तो काशीयात्रेला निघाला आणि म्हातारे आईबाप मागून पायी फरफटत येत होते, असे परंपरा सांगते. कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याने पाहिले की, मलिन झालेल्या गंगा, यमुना आणि सरस्वती स्त्रीरूपाने येतात, आईबापांची सेवा करणाऱ्या त्या ऋषींच्या अंगणात सडासंमार्जन करतात आणि निर्मळ होऊन परत जातात. त्याचे डोळे उघडले. काशी तशीच टाकून तो मागे फिरला आणि मातापित्यांच्या पायांशी बसला. पुढे देव दारी आला, तेव्हा तो उठलाही नाही. हाती आली ती वीट त्याने मागे टाकली आणि म्हणाला, सेवा पुरी होईपर्यंत यावर उभा राहा.

देव रागावला नाही. उभा राहिला. तो अजून उभा आहे.

भाविकहो, आज ज्या मूर्तीच्या दर्शनासाठी आपण आसुसलेले असतो, ती मूर्तीच मुळी सांगत आहे की, सेवेत गुंतलेल्याची वाट पाहण्यात देवाला कमीपणा नाही. घरी अंथरुणावर सासू आहे म्हणून वारी राहिली, नातवंडाच्या आजारपणात उद्यापन राहिले, पाळीचे काम सुटले नाही म्हणून दर्शन राहिले, अशी रुखरुख ज्यांच्या मनात असेल, त्यांनी विटेकडे पाहावे. ती वीट म्हणजे आपल्या सर्वांच्या अडचणींना देवाने दिलेली संमती आहे.

आता त्या बाईंकडे परत येतो. दुसऱ्या दिवशी त्या आल्या. मी त्यांना जे सांगितले ते असे. "बाई, नवस तुम्ही बोललात, मुलगा बोलला नाही. संकल्प ज्याचा, कर्म त्याचे. तुमच्याने जेवढे चालवेल तेवढे चाला. वाखरीपासून चाला, नाहीतर नामदेवाच्या पायरीपासून आत चाला. पण ते तुमच्या पायांनी चाला. देवापुढे उभ्या राहून स्पष्ट सांगा की, देवा, त्या रात्री मी घाबरले होते, म्हणून पोराचे आयुष्य तुझ्या नावावर लिहून दिले. ते माझे नव्हते. बारा वर्षांचे गोड देवाच्या पायांवर ठेवा आणि हे व्रत येथे पुरे करा."

"आणि मुलगा?" त्यांनी विचारले.

"त्याला तुम्ही सोडवावयाचे आहे. देवाने तुम्हांला सोडवावे असे म्हणता. पण त्या पोराच्या बाबतीत सावकार तुम्हीच आहात. त्याला सांगा की, तुझ्यावर काही ऋण नाही. यावेसे वाटले तर ये, नाही आलास तरी तू माझा आणि देवाचाही."

त्या बराच वेळ पायरीवर बसून राहिल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, "देवाला सांगणे सोपे आहे, बुवा. त्याला सांगणे कठीण."

कार्तिकीला त्या पुन्हा आल्या, एकट्याच. मी विचारण्यापूर्वी त्यांनीच सांगितले. मुलाला दूरध्वनीवर सारे सांगितले होते. तिकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला होता, "आई, मग आता तू गोड खाशील ना?"

बारा वर्षे त्या समजत होत्या की, त्याला काही वाटत नाही. त्याला सगळे ठाऊक होते. सणावारी आईच्या पानात गोड वाढले जात नाही, हे तो मुकाट्याने पाहत होता. आणि जितके पाहत होता तितका पंढरीपासून दूर जात होता. एकाच दोरीची दोन टोके दोघांच्या गळ्यात होती.

मी तबकातला पेढा पुढे केला. त्यांनी तो कपाळाला लावला आणि पदराला न बांधता तोंडात घातला.

मुलगा वारीला आला का, असे वाचक विचारतील. अद्याप आलेला नाही. कदाचित येईल, कदाचित येणार नाही. आणि त्यावर आता कोणाचे काही अवलंबून नाही, हीच तर सुटका.

म्हणून आजच्या एकादशीला आपण सर्वांनी देवापाशी आपली सुटका मागावी, आणि मागण्यापूर्वी एक करावे. आपल्या मनाच्या वहीत ज्याच्या नावावर काही येणे लिहून ठेवले असेल, मग तो परगावी गेलेला मुलगा असो, माहेरी न येणारी बहीण असो, शब्द देऊन न पाळलेला भाऊ असो, त्यांतील एका तरी नावावर आज रेघ ओढावी आणि त्याला तसे कळवावे. उद्या द्वादशीला पारणे फेडताना घास किती हलका लागतो, ते पाहावे.

विटेवर उभा असलेला तो दयाघन आपणां सर्वांच्या गाठी सोडवो, आणि दुसऱ्याच्या गाठी सोडविण्याची बुद्धी आपल्याला देवो, एवढीच त्याच्या चरणी प्रार्थना. रामकृष्णहरी.